कॅप्टन ट्रस्कॉटचा दिवाणखाना

२ जानेवारी
संकल्प. या वर्षी घर मूळ स्वरूपात आणायचं, म्हणजे १८७४ साली कॅप्टन ट्रस्कॉटने बांधलं तसं. सप्टेंबरात कार्डिफमधली जुनी घरं लोकांना बघायला उघडतात. तेव्हा आमच्या दारासमोर रांग लागली पाहिजे. रांगेची शिस्त मी बघीन. कौन्सिलच्या पार्किंग खात्यात उभा जन्म काढलाय, उगाच नाही.
ग्लेनिस म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बघ. बायकोला इतिहासाची दृष्टी नाही.

९ जानेवारी
शेजारच्या मिसेस प्रॉबर्टकडे चहा. वय चौऱ्याऐंशी. जन्म त्याच घरात, आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत, आणि अजून झोपते तिथेच. आमचं ओळीतलं शेवटचं घर, त्यामुळे शेजार तेवढा एकच. आमचे सगळे जुने मालक म्हातारीला तोंडपाठ. कॅप्टनने घर बांधून झाल्या झाल्या खालच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून एकच प्रशस्त दिवाणखाना केला आणि नाचाची पार्टी दिली. म्हातारीच्या आजीने लहानपणी खिडकीला नाक लावून ती पाहिली होती. पण नाचले एकदाच हो, असंही म्हणाली. पुढे काहीतरी सांगत होती. मला हवं ते मिळालं होतं, मी उठलो.

१० जानेवारी
नंतरच्या मालकांनी घराची काय वाट लावली आहे! दातांचा डॉक्टर मॅडॉक्स: दिवाणखान्याच्या ऐन मध्यात विटांचा खांब. बीनन नावाचा चर्चमधला बडा माणूस: वरच्या बेडरूममधून आरपार लोखंडी सळई, आणि बाहेरच्या भिंतीवर तिच्या टोकाला परातीएवढी चकती. घर आम्हाला विकणारी पियानोची मास्तरीण मिस लॅचफर्ड: शेकोटीची सुंदर कमान विटांनी बुजवली. सगळी अतिक्रमणं. माझ्या नोकरीत या तिघांना जॅमर लावला असता.

१४ मार्च
शेकोटी मोकळी केली. स्वतः, छिन्नी-हातोड्याने. कमान अप्रतिम. मधली वीट जराशी खाली सरकली, वयोमानाने.
संध्याकाळी धुराड्यातून काजळी आली, पक्ष्याचं घरटं आलं, मग दोन अख्ख्या विटा. घराने इतक्या वर्षांनी घसा मोकळा केला.

२ एप्रिल
बेडरूमचं दार लागत नाही. दमट हवा. रंधा मारला.

६ एप्रिल
आता लागतं, पण उघडत नाही. ग्लेनिस आत होती. बाहेर काढल्यावर फार बोलली नाही. ती फार बोलत नाही तेव्हा समाधानी असते.

१९ मे
सळई काढायला मिस्त्री बोलावला. त्याने वर बघितलं, बाहेर जाऊन भिंत बघितली, परत वर बघितलं. मग विचारलं, ही काढायला कुणी सांगितली साहेब, तुमच्या वारसांनी? चहा तसाच टाकून गेला. हल्ली काम करायलाच नको कुणाला.
निर्णय: मीच करणार. परवानगीचा प्रश्न नाही. ज्यांना नियम माहीत नसतात त्यांच्यासाठी परवानगी असते. रोज नटाचा एकच फेरा सोडवायचा. घराला कळणारसुद्धा नाही.

१ जून
सळई निघाली. शेवटचा फेरा मी दिलाच नाही. नट माझ्या हातात आपोआप फिरला, पलीकडून कुणी ओढत असल्यासारखा. मोठा ठण्णकन आवाज झाला आणि मग बराच वेळ काहीच नाही.
मिसेस प्रॉबर्ट स्लिपर्सवरच दारात आली. तिच्या लग्नाचा फोटो खिळ्यासकट खाली पडला म्हणे. म्हणाली, विनफर्ड, भिंत बोलतेय रे. मी म्हणालो, जुनी घरं बोलतातच. ती म्हणाली, जन्मल्यापासून ऐकतेय मी हिला, अशी कधी बोलली नव्हती.
वय झालं की कान असेच होतात.

३ जुलै
जिन्यालगत एक तडा. केसाएवढा. जुन्या घराला शोभून दिसतो.

१७ जुलै
तड्यात पेन्सिल जाते. नैसर्गिक वायुवीजन. व्हिक्टोरियन लोक हवेच्या बाबतीत फार जागरूक होते. पाहुण्यांना हे सांगायचं.
मांजर घरात येईनासं झालंय. समोरच्या फुटपाथवर बसून घराकडे टक लावून बघतं. भूक लागली की येईल.

२६ जुलै
ग्लेनिस म्हणाली, त्या खांबाला हात लावलास तर मी इथे एक दिवस राहणार नाही. चहाच्या कपातून चुना काढत म्हणाली. मी म्हणालो, खांब हाच तर या घरावरचा मुख्य कलंक. तिने बॅग भरली आणि स्वॉन्सीला बहिणीकडे गेली. चार दिवस हवापालट होईल बिचारीला.
जुलै महिन्यात हिवाळ्याचा जाड कोट घेऊन गेली. विसरभोळी आहे.

२२ ऑगस्ट
खांबावर पहिला घाव घालणार तोच मिसेस प्रॉबर्ट काठी टेकत आत आली आणि खांबाला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, त्या दिवशी निम्म्यातून उठलास, आज ऐकून घे. कॅप्टनचा नाच झाला त्याच रात्री वरची जमीन खचली. तो पुढच्याच जहाजाने गेला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. डॉक्टरने खांब घातला, कारण वर त्याची पोरं झोपायची. बीननने सळई घातली, कारण भिंत रस्त्यावर झुकायला लागली होती. आणि ती लॅचफर्डबाई कमान धरून राहावी म्हणून शेकोटी बंद करून थंडीत कुडकुडत राहिली, बोटं आखडून पियानो बंद पडला तिचा. यांनी घर बिघडवलं नाही रे, धरून ठेवलं. अर्ध्या भिंतीवर माझंही घर उभं आहे, बाळा.
मी तिला हाताला धरून घरी पोचवलं आणि ठामपणे सांगितलं की काही होणार नाही, जबाबदारी माझी. सामान्य माणूस वारशाच्या बाबतीत भावनेच्या आहारी जातो.

९ सप्टेंबर
खांब गेला. शेवटच्या काही विटा काढाव्याच लागल्या नाहीत, आपणहून चुरा झाल्या. काय दिवाणखाना आहे! या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा. मधोमध उभं राहून कॅप्टनसारखी चार पावलं नाचलो. डोक्यावर बारीक पांढरी भुकटी पडत राहिली. ग्लेनिसला फोन केला. तिने फक्त विचारलं, तू झोपतोस कुठे? खालीच, म्हणालो. वरची जमीन सध्या उताराची आहे.

११ सप्टेंबर
उद्या घर उघडणार. रात्री म्हातारीने भिंतीवर तीनदा काठी आपटली. मीही तीनदा वाजवून उत्तर दिलं. शेजारधर्म.

१२ सप्टेंबर, सकाळी
पाहुण्यांच्या गाड्यांसाठी रस्त्यावर पार्किंगचे प्लास्टिकचे शंकू मांडत होतो, म्हणून वाचलो. आवाज फार मोठा नव्हता. कुणीतरी पोती उतरवावीत तसा. वरचा मजला दिवाणखान्यात आला, मागोमाग धुराडं. रस्त्याकडची भिंत अजून उभी आहे, पण तिच्याकडे बघवत नाही.

१२ सप्टेंबर, संध्याकाळी
कौन्सिलचा इंजिनिअर येऊन गेला. खांब, सळई कुणी काढली, विचारलं. मी म्हणालो, आधीच्या मालकांनी. त्याने माझ्या हातांकडे बघितलं. नखांत अजून विटांचा भुगा होता. म्हणाला, दोन्ही घरं रिकामी करा.
दोन्ही.
मिसेस प्रॉबर्टला अग्निशमनवाल्यांनी खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. नाइटगाऊनवर कोट. न्यूपोर्टचा पुतण्या गाडीचं दार उघडून उभा. रागवेल, शिव्या घालेल, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने एवढंच विचारलं, विनफर्ड, माझी खोली उभी राहील ना रे?
आजवर मी कुणाला उत्तर द्यायला अडखळलो नाही. तिच्या घराकडे बघितलं. दारावरची चौकट तिरकी झाली होती. सकाळी ती सरळ होती.
मला माहीत नाही, म्हणालो.
तिने मान हलवली आणि गाडीत बसली. मला भयंकर लाज वाटली. गाडी गेल्यावर रस्त्यावरचे शंकू एकेक करून उचलले.