डॉप्लरनंतरचा चहा

मंगळवार, संध्याकाळ

मधुमेहाने मूत्रपिंडांचा रक्तप्रवाह किती घटला, हे पाहायला आज डॉप्लर सोनोग्राफी झाली. यंत्रातून माझ्याच रक्ताचा आवाज आला. माढ्याहून आलेला धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, हिरीच्या तळाचं पाणी वडताना आपली मोटार आसाच आवाज करती की!" आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. सोबत आलेल्या माझ्या मुलाला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर या." मूत्रपिंडं माझी, आणि मी कुशीवरचं गार जेल पुसत बसलो.

"सगळं ठीक आहे, बाबा," मुलगा परत येऊन म्हणाला.

मग घरी आल्यावर तो आणि त्याची आई स्वयंपाकघरात इतका वेळ का कुजबुजत होते?

शालिनीने चहा आणला. चमचाभर साखरेवरून वर्षानुवर्षं माझ्याशी भांडलेली बायको. कुशीला जेल अजून चिकटच लागतंय. चहा गोड होता.