पाचशे डोकी

१४ मार्च, मंगळवार (दुकानाची सुट्टी)

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? दीड वर्षं फोन न करणाऱ्याने एकदम फोन केला तर समोरचा आधी "कोण?" विचारतो, म्हणून पत्र.

सलून जोरात चाललंय. म्हणजे सप्टेंबरात चाललं होतं. बाकावर जागा नसायची, लोक उभ्याने पेपर वाचायचे. समोरचा चष्मेवाला आमच्या दाराकडे बघून उसासे टाकायचा.

कारण मी कटिंगचा दर एकशेदहावरून पंचेचाळीसवर आणला होता. गर्दी वाढली की पैसा वाढणारच, असा माझा साधा हिशेब. त्या महिन्यात सहाशे डोकी झाली. कारागीर खूश, त्याला डोक्यामागे चाळीस मिळतात. मला कात्री धरता येत नाही हे तू सगळ्यांदेखत बोलली होतीसच. मी गल्ल्यावर बसतो, केस झाडतो, टॉवेल धुतो.

महिनाअखेरीस भाडं द्यायला तुझ्या भावजयीची एफडी मोडली.

"एवढी गर्दी असून?" तिने विचारलं.

"अजून थोडी वाढली की सुटेल."

ती उठली आणि कपाटातून एक कागद घेऊन आली. तुझाच, दुकान काढण्याआधी तू मांडून दिलेला हिशेब. त्या दिवशी जेवताना मी चुरगळून ताटावरून उठून गेलो होतो, तो तिने हाताने सपाट करून साड्यांच्या घडीत जपला होता. मी म्हटलं, मला ब्रेकईव्हन वगैरे कळत नाही. ती म्हणाली, "वाचता तर येतं ना?"

वाचला. कारागिराचे चाळीस, ब्लेड-क्रीम-साबणाचे दहा, म्हणजे प्रत्येक डोक्यामागे पन्नास जातातच. आणि मी घेत होतो पंचेचाळीस. ताई, मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पाच रुपये देऊन वर "पुन्हा या" म्हणत होतो. आणि ते बिचारे येतही होते.

दुसऱ्या दिवशी कारागिराला सांगितलं. तो आरशात बघत म्हणाला, "मला वाटलं, शेठ पुण्यकर्म करतायत."

दर परत एकशेदहा केला. गर्दी दोन दिवसांत ओसरली. पण आता डोक्यामागे साठ उरतात. भाडं आणि वीज मिळून पंधरा हजार, म्हणजे अडीचशे डोक्यांना ना नफा ना तोटा. हे मी स्वतः काढलं, बोटांवर न मोजता. मग कागद पुन्हा बघितला, तर तुझा आकडा पाचशे. म्हटलं, सापडली ताईची चूक. खरं सांगतो, फार आनंद झाला.

चूक नव्हती. भाडं आणि विजेच्या खाली तू आणखी एक ओळ लिहिली होतीस: "धाकट्याचा पगार, पंधरा हजार." तीच ओळ मी त्या दिवशी पेनाने खोडली होती. मला वाटलं, मी घाबरावं म्हणून तू आकडा फुगवतेयस. "दुकान माझं, मला कसला पगार," असं ओरडलो होतो, शिवाय तुझ्या नोकरीबद्दलही नको ते बोललो. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मी राबणार, त्याचे पैसे धरायला हवेत हे त्या टेबलावर फक्त तुला सुचलं होतं. मलाही नाही.

फेब्रुवारीत चारशे बारा डोकी झाली. सगळं देऊन नऊ हजार सातशे वीस उरले. ते मी पाकिटात घातले, पाकिटावर माझं नाव लिहिलं आणि स्वतःकडून सही घेतली. कारागीर साक्षीदार होता. तो म्हणाला, "शेठ, पगार कापलात." मग पाकीट तुझ्या भावजयीला दिलं. तिने मोजून एफडीसाठी बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "ताईंना कळवलंत?"

ताई, मी चुकलो होतो. हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. पण कारागीर सांगतो, आधी थोडं पाणी मारावं, केस मऊ होऊ द्यावेत, मग कात्री लावावी.

मंगळवारी दिवसभर घरीच असतो. भाऊजींना घेऊन ये, आम्ही तळमजल्यावर राहायला आलोय.

तुझा, अजून अठ्ठ्याऐंशी डोकी कमी असलेला,
धाकटा