शंभरातून सात

३ जून
आज वृद्धनिवासाची व्यवस्थापिका म्हणून रुजू झाले. इमारत दुमजली, टापटीप, माणसं चोवीस. पुढच्या अंगाला ट्रकांचा थांबा आणि भट्टीची चिमणी, मागे बाग. मला पुढची खोली मिळाली. ऐसपैस, मोठ्या खिडकीची, छान! निवृत्तीनंतर आठ वर्षं लेकीकडे बसून नुसती गंजत होते. निघताना ती म्हणाली, आई, म्हाताऱ्यांना दम देऊ नकोस हं. म्हटलं, शिस्तीत राहिले तर कशाला देईन?

१० जून
नियम केला. दर सोमवारी नाश्त्याआधी प्रत्येकाने तारीख सांगायची आणि शंभरातून सात-सात वजा करत पाच आकडे म्हणायचे. लागोपाठ दोनदा चुकेल त्याची फाटकाची किल्ली काढून घ्यायची. रस्त्यावर कोणी हरवायला नको. पुढे तो काहीबाही बोलला तर वाद न घालता वहीत ‘भ्रम’ अशी नोंद करायची. नर्सला हे जरा कडक वाटलं. शेजारच्या खोलीतले शिंपीकाका म्हणाले, बाई, जन्मभर लोकांची मापं घेतली, आता तुम्ही आमचं घ्या. सगळे हसले. मीसुद्धा.

१५ जुलै
शिंपीकाका दुसऱ्यांदा चुकले. किल्ली देईनात, मूठ आवळून बसले. म्हणाले, हा धूर डोक्यात साचतोय, मला मागची खोली द्या. नियमाप्रमाणे लिहिलं: भ्रम.

१९ ऑगस्ट
वही पुन्हा चाळली. किल्ली गेलेले सात जण. सातही पुढच्या खोल्यांतले, बागेकडचा एकही नाही. वयं तीच, दुखणी तीच. सकाळी पुसलेल्या चौकटीवर दुपारी ओला रुमाल फिरवला, तर काळाकुट्ट. डॉक्टर म्हणाले, धुराचा म्हाताऱ्या मेंदूवर परिणाम होत असावा असं अभ्यास सांगतात, पण सात जणांवरून छातीठोक बोलता येणार नाही. मला येतं. बागेकडचा हॉल कुलपात आहे, तो उघडून पुढच्यांना तिथे हलवू द्या, असं मालकांना सविस्तर पत्र लिहिलं. शिंपीकाकांची माफी मागायला हवी.

७ ऑक्टोबर
पत्र टेबलाच्या खणात सापडलं. पाकीट बंद, वर तिकीट. टाकलंच नव्हतं. मी!
खिडकीच्या फटींत कागद कोंबले. तरी वास येतोच.
नियम सगळ्यांना, असं मीच म्हणाले होते, म्हणून नर्सने आज मलाही विचारलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, अठ्ठ्याहत्तर. ती हसली नाही.

१४ ऑक्टोबर
तळहातावर आकडे लिहून नेले. नर्सने मूठ उघडायला लावली. तिला मीच शिकवलं होतं.
किल्ली गेली.
पत्र तिच्या हातात दिलं. धूर, खोल्या, सात जण, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, लहान मुलाचं ऐकावं तसं. मग वहीत काहीतरी लिहिलं. वही उलटी होती, तरी वाचता आलं. एकच शब्द.

नोव्हेंबर
लेकीचा फोन. सांगत होते — खिडकी, रुमाल — ती नुसतं हो गं आई, हो. रडत होती. न्यायला ये म्हटलं. म्हणाली, तिथे तुझी नीट काळजी —
पत्र परत खणात. कोणी ठेवलं?
फाटकाशी गेले. शिंपीकाका आधीच उभे होते. म्हणाले, या बाई, आणि बाजूला सरकून जागा दिली.

३ जून
थंडी फार. शाल पुरत नाही.
नवी व्यवस्थापिका आली. चटपटीत आहे. तिलाही पुढचीच खोली. छान आहे म्हणाली —
तिला सांगायलाच हवं. पण चुकले तर ऐकणार नाही. आधी परीक्षा, बरोबर आली की लगेच पत्र. तारीख वर लिहिलीय, पाठ केलीय. ती चुकायची नाही.
आकडे. शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी.
पावलं वाजतायत —
शहाऐंशी. शहाऐंशीतून