धुतलेली अर्धी गोधडी

१४ सप्टेंबर
बायकोचा, द्वारकेचा, आज दहावा. ओढ्यावर विधी उरकून, डोकं भादरून घरी आलो तर अंगणात घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण वाळत घातलेलं. सुतक फिटायचं म्हणजे धुवायचंच, त्यात काय नवं न्हाई. पण कुंपणाच्या कडेला लाल दिसलं आणि तसाच तिकडं गेलो. हिची नवी गोधडी. अर्धीच शिवलेली. कडेकडेनं टाके घालत आत चालली होती, मधल्या चिंध्या नुसत्याच पसरलेल्या, त्यांना टाका न्हाई. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी सुई तिथंच टोचून उठली होती.
कुणी धुतली? लेक पुढं आली. मंगल. म्हणली, "मीच. घरातलं काईच ठिवायचं न्हाई म्हणल्या बायका."
"अगं पण अर्धी होती ती! अर्धी गोधडी धुतात का कुणी?"
"रडत रडत धूत व्हते आप्पा. ध्यानातच न्हाई आलं."
पाव्हणे होते म्हणून. न्हाईतर हात उगारला होता मी.

१६ सप्टें.
आभाळ. वाळत न्हाई. उचलावी तर ओल्या पोत्यावानी जड. कोपऱ्यातनं अजून लाल पाणी गळतंय. मंगल सासरी गेली. जाताना पाया पडली, मी दुसरीकडं बघितलं.

१९ सप्टें.
ऊन पडलं. खाटेवर पसरून नीट बघितली. वरचं हिचं इरकली लुगडं, त्याचा रंग सुटला. खालचं माझं धोतर, त्यावर लालभडक डाग. पांढरा दोरा सगळा गुलाबी. कडा आकसून चुण्या पडल्यात. आणि मधी चिंध्यांचा एक गोळा, कुत्र्याची पिल्लं दडून बसल्यागत. हातानं दाबून सारखा करायला गेलो. इकडं दाबला की तिकडं फुगतो.
एवढं एकच काम ती मागं ठेवून गेली होती. तेबी नासलं.

२३ सप्टें.
घट बसले. गिरणी चालू केली. दळणाला गर्दी. लोक म्हणतात, कामात राहा, मन रमंल. डोंबल रमतंय! पट्ट्याचा आवाज बंद झाला की घर अंगावर येतं.

२७ सप्टें.
तिसगावच्या बाजारादिवशी पारूमावशी भेटली होती, आज तिच्याकडं घेऊन गेलो. गावात गोधडी शिवावी तर हिनं न्हाईतर पारूमावशीनं. उलटीपालटी करून बघितली, हुंगली, गोळ्यात बोटं खुपसली.
"सगळी उसवावी लागंल, भाऊ. कडंपास्नं."
म्हणलो, मधीच कापून चिंध्या पसरा की.
"व्हत न्हाई तसं. दोरा आटलाय, चिंध्या कडंला गुतल्यात. अशीच शिवली तर मधी पोकळ. पांघरणारं गारठून जाईल."
"मला तिचे टाके पाहिजेत."
"टाके पाहिजे असतील तर पांघरू नका. पूजा करा."
गुंडाळून काखेत मारली अन् चालू लागलो. तिनं च्या ठेवला होता, तो पण घेतला न्हाई.

६ ऑक्टो.
मंगलचा फोन. दिवाळी झाली की टोळी निघणार, कोल्हारकडं ऊसतोडीला. म्हणली, "गोधडी तेवढी शिवून घ्या आप्पा. पाचटाच्या कोपीत पोरीला लई थंडी वाजती. आई तिच्यासाठीच शिवीत व्हती ना."
मी म्हणलो, धुतलीस ना? आता पांघर धुणं.
मग म्हणली, "तुमची बायको गेली. माझी आई न्हाई का गेली?"
फोन आधी कुणी ठेवला, कळलं न्हाई. रात्री जेवलो न्हाई.

११ ऑक्टो.
दुपारी लाईट गेली, गिरणी बंद. आडवा झालो आणि ती अंगावर घेतली. गोळा छातीवर, गुडघे गार. वास नुसता साबणाचा. हिचा कुठंच न्हाई. उशीला न्हाई, पातळाला न्हाई. सगळं धुऊन टाकलं. माणूस जाऊन घर असं चकचकीत राहतं, त्याचा वीट आलाय. जगायचं कशाला, असंच वाटतं दिवसभर. कुणाला सांगणार, म्हणून हितं लिहितो.

२४ ऑक्टो.
मंगल, जावई, नात आलेत. फराळ तिनंच केला. आईसारखा जमला न्हाई, मी तसं म्हणलो पण. नको होतं म्हणायला.
जावई म्हणाले, "मामा, बाजारातनं ब्लँकेट घिऊ की. एवढं काय त्यात."
मंगल म्हणली, "मला आईचीच पाहिजे. उसवलेली चालंल."
उसवलेली चालंल म्हणे!

२९ ऑक्टो.
उसवायला बसलो. मीच. पारूमावशीला हात लावू दिला न्हाई. ब्लेड घेतलं. टाके तांदळाएवढे, त्यात धुतल्यानं दोरा आवळून कापडात रुतलेला. एकेक उचलून कापायचा. एके ठिकाणी लुगडं फाटलं, लेकरासारखा रडलो. दोरा निघाला की खाली मूळचा गर्द लाल, आणि भोकांच्या ओळी. दोरा न्हाई, पण तिचा हात कसा गेला ते सगळं दिसतंय.
मंगल शेजारी येऊन बसली. दोऱ्याचे तुकडे वेचत होती.

३ नोव्हें.
पारूमावशीनं चिंध्या सारख्या करून नुसते लांब टाके घालून दिले. बाकी मंगल कोपीत बसून शिवणार.
मावशीला विचारलं, ही भोकं अशीच राहतील ना?
"एक डाव धुतली की बुजत्यात, भाऊ. काई दिसायचं न्हाई. नका काळजी करू."

४ नोव्हें.
उद्या पहाटे ट्रॅक्टर येणार. मंगलला म्हणलो, ने. पण एक ऐक माझं. धुवू नको.
तिनं डोळ्यात पाणी आणलं. माझा हात धरून म्हणली, "आईची शपथ, आप्पा. आता चूक न्हाई व्हायची. पुरी शिवून झाल्याबिगर पाण्याला लावायची न्हाई."
म्हणजे शिवून झाली की धुणार, अन् भोकं बुजणार. भांडी आवरायला गेली ती. गोधडी अजून माझ्या खाटेवरच हाय.