जाड गाठी

बाबा, हल्लीच्या मशिनींना कान पिळायला बटणच ठेवत नाहीत. सगळी सपाट काच. कपड्यांची मशीन घ्या, ओव्हन घ्या, शेगडीसुद्धा काचेची. काचेच्या आत दिवे लागतात, ते बघून बोट टेकवायचं. बोटाला स्वतःला काहीच कळत नाही. सहा वर्षं झाली, इकडे आखातात घरोघर फिरून मी हीच यंत्रं दुरुस्त करतोय. आठवी नापास माणसाला याहून बरं काम कोण देणार! नवीन मॉडेल आलं की कंपनी आम्हाला एसी हॉलमध्ये बसवून शिकवते. मागच्या महिन्यात असाच एक टायवाला साहेब आला, काचेवर बोट फिरवत म्हणाला, बघा, कसं लोण्यासारखं. मी हात वर करून विचारलं, आंधळ्या माणसानं काय करायचं? अख्खा हॉल हसला. साहेबही हसला, म्हणाला, "अरे भाई, उसके घरवाले होंगे ना!" आणि पुढच्या चित्रावर गेला. एका यंत्रामागे एवढी शिकलेली डोकी, पण डोळे मिटून आपलंच यंत्र एकदा लावून बघावं, हे एकाच्याही डोक्यात येत नाही. थुंकावंसं वाटलं. पण खाली गालिचा होता.

घरवाले म्हणे. आम्ही होतो ना तुमचे घरवाले.

गिरण्यांचा संप मी जन्मायच्या आधीचा. तो मिटला असं आपल्याकडे कुणी कधी म्हटलं नाही, नुसता जिरला. तुम्ही चार साचे सांभाळायचात, मागांच्या आवाजावरून ओळखायचात कुठल्या साच्यावर तार तुटली, हे मी फक्त ऐकलेलं. मी पाहिलेत ते नायगावच्या खोलीत खाटेवर बसलेले बाबा, साखरेनं डोळे खाल्लेले. आई चिंचपोकळीला खोके चिकटवायच्या कारखान्यात, ताई शिवणाच्या क्लासला, मी शाळेच्या नावाखाली कुठेही. एके दिवशी तुम्ही म्हणता, "उद्यापासून भात मी लावतो." आई म्हणते, "गप बसा. घर जाळशाल." शेजारच्या काकू दारातूनच, "भाऊजी, तुम्ही आपला रेडिओ ऐका ओ. बायकांची कामं बायकांना करू द्या." जसं काही तुम्ही त्यांचं मंगळसूत्र मागितलं होतं.

तुम्ही ऐकलं नाहीत. ट्रंकेतून गिरणीतल्या सुताचं रीळ काढलंत. शेगडीची बटणं गुळगुळीत, गोल, कुठे तोंड आहे ते हाताला लागायचं नाही. तुम्ही प्रत्येक बटणाला सूत घट्ट गुंडाळलंत आणि तोंडावर एक जाड गाठ मारलीत. गाठ वर म्हणजे बंद, डावीकडे म्हणजे मोठी आच, खाली म्हणजे बारीक. आईला कामाच्या ठिकाणी कुणीतरी दिलेला जुना मिक्सर होता, त्यालाही तसंच. डब्यांच्या गळ्यात दोरे, मिठाला एक गाठ, तिखटाला दोन, साखरेला तीन. गाठी मारताना तुम्ही एकटेच हसत होतात. मला म्हणालात, "आमच्या गिरणीत गाठ हाताला लागली तर मुकादम जॉबर आईबहीण काढायचा. कापडावर दिसते ना. वीस वर्षं बारीक गाठ मारली रे, हाताला न लागणारी. आता बघ, मुद्दाम बिघडवतोय." मी बघितलं नाही. मला तुमची लाज वाटायची. डोळे गेले त्याची नव्हे, लुंगी खोचून तांदूळ धुणाऱ्या साचेवाल्याची. पण भात जमायला लागला, आई घरी आली की ताट तयार, आणि तुमचा आवाजही बदलला. आमटी कमी पडली तर तुम्ही चक्क ओरडायला लागलात.

मग ताईला बघायला पाहुणे यायचे ठरले, कणकवलीकडचे. आदल्या दिवशी काकूंनी आईचे कान भरले. "अगो, घरभर गाठी मारलेले दोरे! बघणारा म्हणेल करणी केलीय. पोरीचं लग्न मोडशील." आपल्या लोकांचं हेच. माणसाला दिसत नाही हे चालतं, दोरा चालत नाही. आई मला म्हणाली, "काढून टाक, त्यांना सांगू नको." तुम्ही संडासाच्या रांगेत होतात. मी ब्लेड घेतलं. पाच मिनिटं लागली नाहीत. खरं सांगू? मला बरं वाटलं. घर पुन्हा चारचौघांसारखं दिसायला लागलं.

पाहुणे आले. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून उठलात, म्हणालात, "बसा, चहा मी टाकतो. आमच्याकडे माझ्याच हातचा असतो." मोठ्या रुबाबात ओट्याकडे गेलात. मी दाराशी उभा. तुमचा हात बटणावर गेला, थांबला. दुसऱ्या बटणावर गेला. मग डब्यांवरून, एकेका डब्याच्या गळ्यावरून फिरला. हात सदऱ्याला पुसलेत, परत येऊन बसलात आणि पाहुण्यांना म्हणालात, "चहा घरची माणसं करतील." ताईचं लग्न ठरलं. पाहुण्यांपैकी एकानंही शेगडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

ते गेल्यावर मला हाक मारलीत, चिमटीत दोऱ्याचा एक तुकडा. "दोरे कोणी कापले?" मी म्हटलं, "मला काय माहीत." तुम्ही म्हणालात, "ब्लेडनं कापलेत. तुझी आई दातानं तोडते." बस्स, तेवढंच. मी दुसऱ्या दिवशी रीळ आणून तुमच्या मांडीवर ठेवलं, तर ते बाजूला सारलंत. नंतर दीड वर्ष जगलात, शेगडीपाशी गेला नाहीत. आमटी कमी आहे म्हणून ओरडलाही नाहीत. चाळीतले म्हणायचे, किती शांत झालेत हो. शांत! मूर्ख लेकाचे.

हे सगळं आज का उकरतोय, सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी एका केरळच्या म्हातारीकडे गेलो होतो. दोन्ही डोळे गेलेले, मुलगा-सून कामावर. मशीन बिघडलेलीच नव्हती. मुलानं नवीन काचेची आणली आणि म्हातारीला ती लावता येईना. म्हणाली, "पुराना वाला अच्छा था बेटा, कट-कट बोलता था." मी म्हटलं, अम्मा, संध्याकाळी सून लावील की. ती हळूच म्हणाली, कधीकधी पहाटे चादर ओली होते. सून उठायच्या आत धुवायची असते. मी बॅगेतला पारदर्शक गोंद काढला, वाळला की खड्यासारखा कडक होतो तो. चालू करायच्या जागेशेजारी एक ठिपका, छोट्या धुलाईशेजारी दोन. दहा मिनिटांत ती शिकली. चार वेळा लावली, चार वेळा बंद केली, नुसतीच, रिकामी.

काम झालं की मशीनचा फोटो पाठवावा लागतो. सुपरवायझरचा फोन आला, "ये क्या गंदगी लगाया है? वॉरंटी जाएगी. उस अम्मा के बेटे को बताया मैंने, वो भी बोलता है निकाल दो, कांच खराब दिखता है." मी तिथल्या तिथे नाही म्हणालो. मग परवा तो माझ्या व्हिसाबद्दल बोलला.

हे पत्र कुठे टाकणार? नायगावची ती चाळही पाडतायत म्हणे. घडी करून पाकिटात ठेवीन आणि पाकिटाबरोबर कधीतरी हरवीन. साहेबाला शिव्या दिल्या, काकूंना दिल्या, आता एवढं लिहितो आणि थांबतो. काल मी अम्माकडे गेलो होतो. गोंद खरवडत असताना ती बाजूला स्टूल घेऊन बसली होती. आवाज ऐकून म्हणाली, "और पक्का कर रहा है ना बेटा?"

मी म्हटलं, "हां अम्मा."