मिटलेल्या तक्रारी

प्रिय शलाका,

अनेक आशीर्वाद. अक्षर तुझ्या आईचं आहे आणि बोलणं माझं. मध्येच एखादं शहाणं, नीट बसवलेलं वाक्य दिसलं तर ते संयोगिताचं समज. मला वाचता येत नाही याचा ती फायदा घेते. म्हणून मी थोडं लिहून झालं की तिला मोठ्याने वाचायला लावते, आणि शब्द माझा नसला की लगेच पकडते. सासू थकली असं तिला वाटत असेल, पण कान अजून तरुण आहेत म्हणावं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. अवघड गोष्ट निघाली की तुझ्या फोनची रेंज जाते, हे एक. दुसरं म्हणजे, दर गुरुवारी तू फोनवर जे ऐकवतेस ते ऐकलं की माझंच तोंड बंद होतं आणि बोलायचं ते राहून जातं. तुझ्या ऑफिसातली यशश्री तिच्या मामेभावाच्या लग्नाला बडोद्याला आली होती. ती परत हैदराबादला निघाली आहे, तिच्याबरोबर लीलो चेवडो, आपला ओला चिवडा, पाठवते आहे. हे पत्र त्या डब्याच्या खाली ठेवायला सांगितलंय. आधी पत्र वाच, मग डबा उघड. तू उलटंच करणार, ते असो.

इकडे ऊन फार आहे. सुभानपुऱ्यात नळाला पाणी येतं ते सकाळीच, घाईघाईत. परवा वरच्या मजल्यावरच्या भास्कररावांची मोटर नुसती घुंघुं करत राहिली, पाणी चढेना. जुन्या सवयीने ते आपल्या दारात आले, विक्रम आहे का असं विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तुझी आई आत निघून गेली. मग मीच म्हटलं, भाऊ, पंपाने हवा धरली असेल, आधी ती काढा, वरून पाणी भरा, मग बटण दाबा. चढलं पाणी. ते माझ्याकडे बघतच राहिले. वर्षभर तुझ्या बाबाचे फोन ऐकून मी अर्धी मेकॅनिक झाले आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

यशश्रीला जेवायला बोलावलं होतं. मुलगी गुणी आहे, तुझ्यासारखी भाजीतली मोहरी बाजूला काढत बसत नाही. तुझं कौतुक करत होती. तुमची कंपनी आपला धूर कमी करायचा म्हणते, आणि ते काम शलाकाने किती मनावर घेतलंय ते सांगत होती. एकच नकाशा, एकच कागद वेगवेगळ्या माणसांनी दहा ठिकाणी ठेवलेला, तो एका जागी आणलास म्हणे. क्वचित लागणारं सगळं फितींवर उतरवून कपाटात ठेवलंस, कारण कपाटातल्या फितीला वीज लागत नाही. मला आपली धूर काढणारी वस्तू म्हणजे बाजव्याकडची कारखान्याची चिमणी माहीत. नुसत्या ठेवलेल्या बोलण्याचाही धूर निघतो, ते साठवणारी यंत्रं रात्रंदिवस जागी असतात, तापतात, आणि त्यांना निववायला वीज लागते, पाणी लागतं, हे तूच मला कधीतरी समजावलं होतंस. तेव्हा मी हसले होते. भूत आहे की काय, रोज पाणी मागायला, असं म्हणाले होते.

मग यशश्री म्हणाली, आता एकच ढीग उरलाय आजी. मकरपुऱ्याच्या पंप कंपनीतल्या तक्रारींच्या फोनची जुनी रेकॉर्डिंग. त्यात गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, म्हणून त्यातलं काही घरी नेता येत नाही आणि मुदत संपली की सगळं पुसायचं असा नियम आहे. मुदत कधीच संपली. पण शलाकाने त्या सगळ्या फोनांवर ‘तक्रार अजून चालू आहे’ अशी खूण करून ठेवली आहे, म्हणून यंत्र त्यांना हात लावत नाही. महिनाअखेर तिला सही करून द्यावी लागेल की तक्रारी खरंच चालू आहेत. ती असं का करते ते कुणालाच कळत नाही.

मला कळलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्या पोरीला मी अजून एक पुरी वाढली.

तुझ्या बाबाने त्या मकरपुऱ्याच्या कंपनीत, कानाला फोन लावून, आयुष्य काढलं. लोकांचे बाप लढाईत नाव काढतात. आपल्या घराण्यात पणजोबांच्या तलवारीच्या गोष्टी, आणि माझा मुलगा दिवसभर लोकांच्या मोटरी ऐकायचा. मी त्याला चिडवायची, अरे, सरदारांच्या घरात जन्मलास आणि पंपाचा डॉक्टर झालास. तो म्हणायचा, आईसाहेब, तलवारीने कुणाच्या नळाला पाणी आलं का? कुणाचा फोन आला की मोटर चालू करायला लावून तो नुसता आवाज ऐकायचा आणि काय बिघडलंय ते सांगायचा. आणि गिऱ्हाइकाच्या घरात पाणी पडल्याचा आवाज कानावर आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. तोही विचारून ठेवायचा. पाणी आव्युं ने? तो हवे मूकुं? समोरच्याने मूको म्हटलं, म्हणजे ठेवा म्हटलं, की मगच. घरीसुद्धा तसंच. मला दुपारी फोन करायचा आणि शेवटी, आई, ठेवू का? मी मुद्दाम नाही म्हणायची, की मग आणखी दोन गोष्टी बोलायचा. विचारायची एवढी सवय असलेला माणूस, आणि कंपनीच्या बसमध्ये बसल्या जागी गेला, कुणाला काही न विचारता.

म्हणून गेल्या वर्षी तू पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकवलास तेव्हा मी देवाला गूळ ठेवला. खोटं कशाला बोलू. तुझी आई मात्र ‘मला नाही ऐकायचं’ म्हणाली आणि दर गुरुवारी त्या वेळेला स्वयंपाकघरात जायची. जायची आणि गॅस बंद करून दाराआड उभी राहायची. मला दिसत होतं. आता हे लिहिताना तिचा हात थांबलाय. लिही ग, लिही, मी काही चुकीचं सांगत नाही.

तुला एक सांगायचं आहे. मी नवी सून होते तेव्हा आपल्या देव्हाऱ्यात चांदीचे इतके टाक होते की ताम्हण भरायचं. एकेक पूर्वज, एकेक टाक. सासूबाईंनी मला सांगितलं, पोरी, ठेवलेल्याला रोज आंघोळ घालावी लागते, रोज जेवू घालावं लागतं. ठेवला आणि विसरलो असं इथे चालत नाही. एके वर्षी त्यांनी काही टाक वेगळे काढले. त्यांच्यावर तोंडच नव्हतं, नुसती गुळगुळीत चांदी. हे कोण, मी विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. रोज घासून, पुसून, आपल्याच हातांनी चेहरे गेले होते. आम्ही दोघी चांदोदला गेलो आणि ते नर्मदेत सोडले. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, सुटले बिचारे, आता भूक नाही लागायची.

तसंच माझं होऊ लागलंय, शलाका. हल्ली विक्रम आठवला की तो फोनवरचाच आठवतो. गुजरातीतला, गोड, अदबीचा, परक्यांशी बोलणारा. आणि माझा विक्रम? न्हाणीतून टॉवेलसाठी ओरडणारा, माझ्यावर चिडून ताटावरून उठणारा आणि घटकाभराने आमटी गरम कर म्हणणारा, त्याचा आवाज मी शोधते तर मध्येच, केम छो काका, मोटर गरम थाय छे? असं ऐकू येतं. दर गुरुवारी घासून घासून मी माझ्याच मुलाचं तोंड पुसत चालले आहे. तुझं काय होतं ते मला माहीत नाही. तू विचार.

आणि ज्याने जन्मभर लोकांच्या घरी पाणी पोचवलं, त्याचा आवाज जागा ठेवायला पाणी जाळायचं, हे त्याला सांगायची तुझी हिंमत होईल का? माझी नाही होणार. त्याहून मला लागलं ते दुसरंच. त्या ढिगातली एकेक तक्रार त्याने मिटवलेली आहे ग. पाणी आल्याचं ऐकून मिटवलेली. तेवढीच त्याची कमाई. आणि त्याच्याच मुलीने त्यांवर लिहिलं की चालू आहे, आणि आता सहीही करणार. आपल्या बापाचं काम अपुरं राहिलं असं तू लिहून देणार आहेस?

मागच्या गुरुवारी तू पादरा गावच्या त्या म्हाताऱ्याचा फोन ऐकवलास. मोटर चालू झाली, पाणी पडलं, विक्रमने विचारलं, तो हवे मूकुं काका? आणि तू तिथेच बंद केलंस. तू नेहमी तिथेच बंद करतेस. समोरच्याचं मूको तू मला एकदाही ऐकू दिलं नाहीस, मला वाटतं स्वतःही ऐकलं नाहीस. माझा पोरगा वर्षभर फोन हातात धरून ताटकळत उभा आहे, कुणीतरी ठेव म्हणेल म्हणून. एवढ्यासाठीच हे पत्र. मी काल दुपारी देव्हाऱ्यासमोर बसून म्हणून टाकलं. मूक, बाळा, ठेव आता. पाणी आलं. तुझ्या आईला अजून विचारलं नव्हतं, आत्ता विचारलं. खाली सहीच्या जागेपाशी तिने आपल्या मनाने काहीतरी लिहिलंय, वाचून दाखवत नाही. मला अक्षरं कळत नाहीत, पण शब्द लहान आहे एवढं दिसतं. आता तुझंच राहिलंय. सगळा ढीग पुसायच्या आधी एक फोन पूर्ण ऐक, शेवटपर्यंत. मग त्या तक्रारी मिटव, आणि डबा उघड.

तुझीच, फक्त अंगठ्याची धनीण,
रखमा आजी

मूको.
— आई