अचलनाथाच्या दारचा टेम्पो

सुझुका, २४ सप्टेंबर

चि. सेइगो यास आशीर्वाद.

पत्राच्या आरंभी ऋतूची विचारपूस करण्याची आपली रीत आहे, तेव्हा ती उरकून घेतो. चहाच्या मळ्यांच्या बांधांवर लाल लिली उमलल्या आहेत, पितरांचा आठवडा चालू आहे, उकाडा मात्र हलायला तयार नाही. मी बरा आहे. आई माझ्याहून बरी आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

काल सकाळी टेम्पो मागे घेताना तिने देवळाच्या दारातल्या दगडी क्षितिगर्भाला धडक दिली. ओळीतला सगळ्यात डावीकडचा, लाल टोपीवाला. त्याचं डोकं धडावेगळं होऊन गडगडत इनागाकी आजोबांच्या पायाशी गेलं. आजोबा त्यांच्या नव्या गाडीची सुरक्षा-पूजा करून घ्यायला आले होते. मी ठेवणीतली वस्त्रं नेसून पायरीवर उभा. प्रवाशांचं रक्षण करणाऱ्या बोधिसत्त्वाचं शिर त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, टोपी नीट केली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, पूजा राहू द्या आज. मी आपला हळूच जाईन."

आई उतरली. दगडाकडे पाहिलं. "पुढे सरकला होता हा," म्हणाली.

आपल्या आजोबांच्या आजोबांपासून जागचा न हललेला दगड, सेइगो!

येत्या वसंतात ती ऐंशीची होईल. लायसन्स परत करावं म्हणून मी करायचं काय ठेवलं आहे? मागच्या नूतनीकरणाच्या वेळी ती म्हाताऱ्यांची स्मरणपरीक्षा होती, चित्रं दाखवतात आणि मग आठवायला सांगतात ती. तिथे ती अडखळेल अशी पापी आशा मी धरून होतो. तिने पुस्तक आणून सगळी चित्रं पाठ केली. जेवताना, भांडी घासताना, फुलं वाहताना घरात एकच जप: तोफ, ऑर्गन, कान, रेडिओ. संस्कृताची धातुरूपं घोकत मी क्योतोला ऐन तारुण्य घालवलं, पण असा अस्खलित पाठ माझा कधी झाला नाही. अधिकाऱ्याने टाळ्या वाजवल्या म्हणे. आता येत्या हिवाळ्यात पुन्हा ती परीक्षा आहे, आणि पुस्तक कपाटातून बाहेर आलं आहे.

वर तिचं लायसन्स सोनेरी पट्टीचं, म्हणजे एकही गुन्हा नाही. माझंही सोनेरीच आहे, कारण मी गाडीच काढत नाही. तुझं का निळं आहे हे ती प्रत्येक पाहुण्याला सांगते: "आमचा धाकटा गाडी चालवायचं मानधन घेतो, पण लायसन्स बघा त्याचं आणि बघा माझं!"

श्राद्धांना मला तीच नेते हे तुला ठाऊक आहे. मी शेजारी डोळे मिटून बसतो. यजमानांना वाटतं, गुरुजी ध्यानात आहेत.

तेव्हा माझी विनंती एवढीच. गाडीच्या बाबतीत या घरात फक्त तुझ्या शब्दाला वजन आहे. एकदा ये, तिच्या शेजारी बस आणि जाणकार म्हणून तोंडाने सांग. तुझ्या धंद्याविषयी मी इथे काही लिहिणार नाही. गेल्या शर्यतीत काय झालं तेही विचारणार नाही. मी पाहत नाही, हे तुला माहीतच आहे.

दोशुन
(पुरोहित, आणि वाहनांच्या ताइतांचा विक्रेता, सध्या गिऱ्हाईक नाही)


सुझुका, १९ ऑक्टोबर

सेइगो,

ऋतू मेला खड्ड्यात.

मी तुझं तोंड मागितलं होतं. तू टायर पाठवलेस!

चार नवे टायर, टेम्पोच्या मापाचे, ओल्या रस्त्यावर उत्तम पकड घेणारे. सोबत तुझी चिठ्ठी: "आई, हवा थोडी कमी ठेव." झालं. ती त्यांच्यावरून असा हात फिरवते जसा तुझ्यामाझ्या डोक्यावरून कधी फिरवला नाही. "बघितलंस, थोरल्या? जाणकार माणूस असा बोलतो. तू नुसता कुरकुरतोस." आता ती पावसातही जाते. वाहनांसाठी आपण ज्याची पूजा बांधतो तो देव अचल, नावाप्रमाणे जागचा न हलणारा. त्याच्या हयातीत (देवाला हयात असते असं धरून चालू) त्याला इतकं हलवणारं कुटुंब दुसरं भेटलं नसेल.

इनागाकी आजोबांनी मोटारींचं एक मासिक आणून दिलं. त्यात तुझी कारकीर्द दोन पानं भरून छापली आहे. "बालपणापासून वेगाचं वेड", असा आरंभ. वेड तुला होतं, पण पेट्रोल कुणाचं होतं? तुझी ती ठेंगणी कार्ट-गाडी टेम्पोत चढवून दर रविवारी आईच नेत असे. बाबा होमाला बसलेले, आणि मागल्या दाराने टेम्पो गुपचूप उताराला लावून, इंजिन बंद ठेवून ती खाली सोडायची. बाबांना सगळं कळत होतं. ते मला म्हणायचे, "एक मुलगा देवाला दिला, एक टायरांना. टायरवाला घरी जास्त फोन करतो."

पुढे "इंग्लंडमधली खडतर वर्षं" आहेत. आईने पाठवलेल्या खारवलेल्या आलुबुखारांच्या बरण्या त्यात नाहीत. तू आजारी असताना त्यावरच होतास, हे तुझ्या घरमालकिणीने मला इंग्रजीतून कळवलं होतं. मग परत येऊन इथल्या मोठ्या गाड्यांत बसलास, मग अजिंक्यपद, तो सोहळा, आईने मंचावर माईक हिसकावून मला उद्देशून "थोरल्या, दिवे मालवलेस का?" असं विचारलं तो प्रसंग. मग एक ओळ: "तीन वर्षांपूर्वीच्या भीषण अपघातानंतर दमदार पुनरागमन."

ती ओळ मी दोनदा वाचली.

आता मुद्द्यावर येतो. हे लिहायचं नव्हतं, पण तुझ्या टायरांनी माझा संयम घालवला.

परवा तुझी शर्यत टीव्हीवर होती. आई पडद्यापासून हातभर अंतरावर बसून बघत होती. कुणा पोराची गाडी डावीकडून आली आणि तुम्ही दोघं एकमेकांना घासून कडेच्या रेतीत गेलात. निवेदक म्हणाला, "सेइगोंना ढकललं!" 

आई म्हणाली, "कुणी ढकललं नाही. त्याला दिसलाच नाही तो."

"हे कशावरून?"

"हेल्मेट बघ ना. डावं वळण यायच्या आधीच मान फिरवतो. पूर्वी नव्हता फिरवत."

"आई, एवढ्या वेगात तुला मान दिसते?"

तिने माझ्या कपात चहा ओतला. कपाच्या डाव्या बाजूने बराचसा चटईवर गेला. "मी पण तशीच फिरवते ना," ती म्हणाली.

सेइगो, मी इतकी वर्षं डोळे मिटून तिच्या शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हणजे टॅक्सीने, भांडत. डाव्या डोळ्याला काचबिंदू आहे, त्या बाजूचं बरंचसं गेलं आहे. तिला हे केव्हापासून कळत होतं कोण जाणे. बाहेर आल्यावर म्हणते, "सेइगो सोडेल त्या दिवशी मीही सोडीन."

"त्याचा तो धंदा आहे, आई."

"माझाही धंदाच आहे. तुला श्राद्धांना अचलनाथ नेतो का?"

मालकांनी पुढच्या वर्षासाठी तुला संघाचा मार्गदर्शक म्हणून खुर्ची देऊ केली आहे, असं मासिकात आहे. तू "अजून दोन वर्षं गाडीतच" म्हणालास, असंही आहे. दर वर्षी तुमची वैद्यकीय तपासणी होते ना? मग तिथे काय केलंस? डोळ्यांचा तक्ता पाठ केलास? केला असशील. त्याच आईचा मुलगा आहेस. तोफ, ऑर्गन, कान, रेडिओ!

उत्तर टायरांतून नको. स्वतः ये.

दोशुन
(रागावलेला)


सुझुका, १३ नोव्हेंबर

प्रिय सेइगो,

पर्सिमनची फळं सोलून वाळवायला छपराखाली टांगली आहेत. आईने सोलली, मी टांगली. ती खालून सांगत होती की माळ वाकडी आहे. क्षितिगर्भाचं डोकं इनागाकी आजोबांनी स्वतः सिमेंटने बसवून दिलं. मान किंचित डावीकडे वळली आहे. मी कुरकुरलो तर आई म्हणते, "बरंच झालं. आता त्याला येणारी गाडी दिसेल."

तू आलास त्या दिवशी टेम्पोत तुम्ही काय बोललात हे मला दोघांपैकी कुणीही सांगितलेलं नाही. मी काय पाहिलं ते सांगतो. मी झाडू घेऊन दारात उभा होतो. आई स्टिअरिंगवर, तू शेजारी गुडघे छातीशी घेऊन. मळ्याच्या चढावर टेम्पो गेला, वळणाआड गेला, आणि इंजिन थांबलं. मी अर्ध्या अंगणाचा केर पुन्हा पुन्हा काढला. मग तुम्ही दोघं उतारावरून चालत येताना दिसलात.

"डावीकडे खांब होता, आई!"

"तुला तरी कुठे दिसला? मी किंचाळले तेव्हा बघितलास."

"मग मला दे म्हटलं ना किल्ली."

"तुला? एका आंधळीकडून काढून दुसऱ्या आंधळ्याला?"

तिच्या गाडीत तू बसेनास, तुझ्या गाडीत ती बसेना. आणि टेम्पो आणायला चढावर कुणाला पाठवलंत? मला. ज्याला गिअर म्हटलं की घाम फुटतो त्या मला! मी उतारावरून येताना तू अंगणात पोट धरून हसत होतास. "दादा, दुसरा गिअरही असतो!" मी त्या दिवशी तुला काही बोललो नाही, कारण तू इतका हसलेला मी तीन वर्षांत पाहिला नव्हता.

निघताना विचारलं, "मग?" तर म्हणालास, "या हंगामाची शेवटची शर्यत झाली की बघू."

बघू! कुठल्या डोळ्याने?

असो. हे पत्र लिहिण्याचं कारण पुढे आहे. काल सकाळी आई ठेवणीतला किमोनो नेसून न्याहारीला आली. "पोलीस ठाण्यात जायचंय. तू चालव." मी चालवलं. मागे गाड्यांची मिरवणूक झाली होती, आणि ती मधूनमधून मागे वळून त्यांना नमस्कार करत होती. ठाण्यातल्या खिडकीपाशी तिने सोनेरी लायसन्स काढलं, पदराने पुसावं तसं बाहीने पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

तिथला तरुण अधिकारी अदबीने म्हणाला, "आजी, कारण काय लिहू?"

"मुलगा सोडतोय, म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे गुरुजी?"

"छे! तो चांगला चालवतो."

परतीच्या वाटेवर मी गाडी कडेला घेतली (रस्त्यात बोलणं मला जमत नाही) आणि म्हटलं, "आई, त्याने अजून काहीही कबूल केलेलं नाही. तू म्हणाली होतीस, तो सोडेल तेव्हा तू."

ती खिडकीबाहेर बघत होती, डावीकडे मान पुरती वळवून. "कुणीतरी आधी ब्रेक दाबायला हवा," म्हणाली. "तो लहान आहे."

लायसन्सच्या बदली तिला एक कार्ड मिळालं आहे, त्यावर बसचं भाडं आणि गरम झऱ्यांवरच्या स्नानाचा आकार कमी होतो. ते तिने बाबांच्या तसबिरीपुढे ठेवलं आहे. टेम्पोची किल्ली माझ्या हातात देताना मात्र बोटं लवकर सुटली नाहीत.

आता जे पहिल्या पत्रात टाळलं ते. मी पाहत नाही, असं लिहिलं होतं. सगळ्या शर्यती पाहतो. अचलनाथासमोर, आवाज बंद करून. तीन वर्षांपूर्वीचीही पाहिली. तुझी गाडी उलटी पडली, धूर आला, आणि खिडकीतून तुझा हात बाहेर येईना. मी या देवळाचा पुरोहित. परक्यांच्या मरणाला मला मंत्र सुचतात, स्मशानात माझा आवाज कापत नाही. त्या वेळी एकही अक्षर आठवलं नाही. घरात जे चाललं होतं तेच तोंडात आलं. तोफ, ऑर्गन, कान, रेडिओ. तुझा हात दिसेपर्यंत मी तेवढंच म्हणत होतो. देवाने त्याचं काय केलं, त्याला ठाऊक. पुन्हा मला ते म्हणायला लावू नकोस.

आणि तुझ्या डावीकडून जो येतो तोही कुणाचा तरी धाकटा भाऊ असतो. त्याच्या दादाला तर तोफ-ऑर्गनही पाठ नसेल.

रविवारची ती शेवटची शर्यत यायच्या आत मालकांना डोळ्याचं खरं सांग. ते ओरडतील, वर्तमानपत्रं लिहितील, दोन पानांच्या कारकिर्दीला शेवटी एक वाईट ओळ जोडली जाईल. जोडू दे. मग गाडी तिकडेच ठेवून रेल्वेने ये. कामेयामा स्टेशनवर मी टेम्पो घेऊन येईन. भल्या पहाटे निघेन, म्हणजे दुपारच्या गाडीला पोचेन. टेम्पोत जागा दोनच, म्हणून आई घरी थांबून ओदेनचं गरम कालवण शिजवणार आहे. मुळा आत्ताच आणून ठेवला आहे. वाटेत माझ्या वेगाबद्दल अवाक्षर काढलंस तर उतरवून देईन.

या घरात उरलेला एकमेव चालक,
तुझा दादा